अपत्यांची संख्या : एक

जवळजवळ आठ महिने मी त्यांना इटालियन समजत होते, आणि यात माझी काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये समोरच्या दारात राहणारा तो पन्नाशीचा माणूस हायवेवरच्या एका पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. दुकानाच्या काचेवर इटलीचा झेंडा, भिंतीवर कुठल्याशा इटालियन बंदराचं चित्र, आणि मालक गिऱ्हाइकांशी हातवारे करत इटालियन बोलायचा. हाही बोलायचा. मी लायब्ररीतून पुस्तक आणून चार शब्द शिकले आणि एकदा जिन्यात त्याला म्हटलं, ‘ग्रात्सिए!’ म्हणजे थँक्यू. त्यानं गंभीर चेहऱ्यानं इटालियनमध्येच काहीतरी उत्तर दिलं. मी घरात येऊन नवऱ्यासमोर केवढी मिरवले.

खरं काय ते तळघरातल्या लाँड्री रूममध्ये कळलं. तिथे चार मशिनं होती आणि एक मोडकं टेबल. कपडे धुवून होईपर्यंत मी त्या टेबलावर लोकांचे फॉर्म भरत बसायचे. हा माझा घरचा धंदा. माझे वडील नागपुरात टपाल खात्यात होते. रविवारी सकाळी आमच्या दारात वस्तीतल्या लोकांची रांग लागायची. कुणाचा स्कॉलरशिपचा फॉर्म, कुणाचा जातीचा दाखला, कुणा विधवेच्या पेन्शनचा कागद. दहावीनंतर ते काम वडिलांनी माझ्याकडे दिलं. कागदाच्या बाबतीत मी फार कडक आहे. नवरा म्हणतो, हिच्याशी भांडायचं तर तीन प्रतींत अर्ज द्यावा लागतो. इथे नवरा एच-वन व्हिसावर, मी त्याच्यामागे डिपेंडंट, नोकरीची परवानगी नाही. ‘डिपेंडंट’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी जी चिडले ती तीन वर्षं चिडलेलीच होते. त्या चिडीत मी कॉम्प्लेक्समधल्या निम्म्या लोकांचे कागद भरून दिले असतील.

एका दुपारी तो माणूस धुण्याची टोपली खाली ठेवून माझ्यापुढे उभा राहिला आणि मुलीच्या शाळेचा एक कागद त्यानं पुढे केला. बरोबर भरलाय का बघा, म्हणाला. मी बघितला आणि जन्मदेशाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे चुकलंय. इथे इटली लिहायला हवं.”

त्यानं दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं, तरी आवाज उतरवून म्हणाला, “नाही, मिसेस. बरोबर आहे. अल्बेनिया.”

“मग ते इटालियन?”

“टीव्हीवरून शिकलो. आमच्याकडे लपूनछपून इटलीचा टीव्ही बघत असू. दुकानाचा मालकही आमचाच. पण पिझ्झा घेणाऱ्याला इटालियन माणूस लागतो.”

मला हसू आलं, आणि मग रागही आला, की आठ महिने हा माणूस माझ्या ग्रात्सिएला तोंड देत राहिला आणि एका शब्दानं बोलला नाही. रात्री नवऱ्यानं ॲटलास काढला. ग्रीसच्या वरच्या अंगाला, समुद्राकाठी चिकटलेला तो देश शोधायला आम्हा दोघा इंजिनियरांना पाच मिनिटं लागली.

त्यानंतर येणंजाणं सुरू झालं. तो तिकडे खाणीवर भूगर्भशास्त्राचा इंजिनियर होता, क्रोमचे दगड नुसत्या हातात धरून ओळखायचा. इकडे पिठाचे गोळे. त्याची बायको माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला काकू म्हणायला लागले. त्याला काका म्हटलं तर त्यांची चौदा वर्षांची मुलगी तोंडावर हात ठेवून आत पळाली. त्यांच्या भाषेत तो शब्द लहान मुलांच्या लंगोटातल्या ऐवजासाठी आहे, असं कळलं. मग तो इंजिनियरसाहेब झाला. काकूंचं इंग्रजी पंचवीसेक शब्दांचं होतं. कम, सिट, ईट, टुमारो, गुड, नो गुड. लांब दांडीच्या इवल्याशा भांड्यात ती कॉफी उकळायची, आणि तिच्या घरातून मी एकदाही उपाशी परत आले नाही. धर्म कुठला, असं मी एकदा विचारलं. आपल्याला विचारल्याशिवाय चैन पडत नाही ना! इंजिनियरसाहेब म्हणाले, “आजोबा मुसलमान, आजी ख्रिश्चन, आणि मी जिऑलॉजी.”

एकदा त्यांनी आम्हाला न्यूयॉर्कला ब्रॉन्क्समध्ये त्यांच्या लोकांच्या कार्यक्रमाला नेलं. भाड्याचा हॉल, लाल झेंडा, न थांबणारं संगीत, धावणारी पोरं आणि मोठ्यांना इंग्रजीतच उत्तर देणारी पोरं. अगदी आपल्या मंडळाच्या कार्यक्रमासारखं. प्रत्येक जण आम्हाला विचारायचा, तुम्ही कुठले? आपल्याकडे कुठले तुम्ही झालं की मग आडनाव विचारतात, आणि आमचं आडनाव ऐकल्यावर काही जणांचा आवाज किंचित बदलतो. तो बदल ऐकायला माझा कान लहानपणापासून तयार आहे. तिथे तो बदलला नाही, कारण आमच्या आडनावावरून त्यांना काहीच कळत नव्हतं. त्या लोकांत मला इतकं मोकळं वाटलं, की परतीच्या वाटेवर मी गाडीत झोपून गेले.

पण एक गोष्ट मला डाचत होती, ती सांगते. आपली माणसं भेटली की पहिला प्रश्न व्हिसाचा. मी काकूंच्या स्वयंपाकघरात विचारलं, तुम्ही कुठल्या व्हिसावर आलात?

“ग्रीन कार्ड,” इंजिनियरसाहेब म्हणाले.

“किती वर्षं लागली?”

“वर्षं नाही. लॉटरी. अमेरिकन सरकार चिठ्ठ्या काढतं. साध्या कागदावर नावं लिहून टाकली होती. लागली.”

मी कप खाली ठेवला. माझा नवरा तीन वर्षं त्या कार्डासाठी कागदावर कागद देत होता, मी नोकरीविना घरात, आणि आमच्या देशाला तर त्या लॉटरीत नावच घालता येत नव्हतं. मी घरी आले आणि फणफणले. नवरा म्हणाला, “अगं, जाऊ दे ना यार. कार्ड त्यांच्याकडे आहे आणि नोकरी माझ्याकडे आहे. दोन्ही एकाकडे असतं तर तू काय केलं असतं?” समोरच्या घरातला माणूस नशीबवान की अभागी, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि नंतरही नाही.

सत्त्याण्णवचा मार्च लागला आणि त्यांच्या देशात सगळं कोसळलं. लोकांचे पैसे घेऊन बसलेल्या कंपन्या बुडाल्या, सरकार नावापुरतं उरलं, लष्कराची कोठारं फुटली आणि ज्याच्या-त्याच्या हातात बंदूक आली. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात असेल नसेल, इथल्या टीव्हीवर मिनिटभर दाखवायचे. काकू ते मिनिट उभ्यानं बघायची. आणि तेव्हाच, वर्षभराच्या ओळखीनंतर, मला समजलं की त्यांना आणखी एक मुलगी आहे. थोरली. बावीस वर्षांची. ती तिकडे राजधानीत मावशीकडे होती.

इंजिनियरसाहेब कागदांची फाइल घेऊन आमच्याकडे आले. बसले नाहीत. “मिसेस, तिला इथे आणायचंय. बाप मुलीसाठी अर्ज करू शकतो ना?”

“करू शकतो. वय कितीही चालतं, लग्न झालेलं नसलं पाहिजे.”

“नाही झालं.”

“मग करू. वेळ लागेल, पण करू.” मी पेन काढलं. हे काम माझ्या हातचं होतं. मी म्हटलं, आधी तुमचे जुने व्हिसाचे कागद दाखवा. एकाच माणसाचे दोन कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत, ही वडिलांची शिकवण. त्यांनी झेरॉक्स पुढे ठेवली. अर्जदाराचं नाव. पत्नीचं नाव. अपत्यांची संख्या : एक. खाली धाकटीचं नाव.

मला वाटलं टायपिस्टनं घोळ घातला. इंजिनियरसाहेब म्हणाले, घोळ नाही. मीच सांगितलं तसं लिहिलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं लिहिते. ते मूळचे उत्तरेकडच्या डोंगरातले. थोरली एकोणीस वर्षांची असताना तिचं ठरलं. मुलाकडची माणसं घरी आली, कॉफी प्यायली, अंगठी ठेवून गेली, शब्द दिला-घेतला. “त्या दिवसापासून मुलगी त्यांची,” ते म्हणाले. “ती माझ्या घरात जेवते, माझ्या घरात झोपते, पण आहे त्यांची. कुणी विचारलं मुलं किती, तर तिला मी कशी मोजू? दुसऱ्याच्या घरचं माणूस माझ्या नावावर लिहायचं? ती तर चोरी झाली.” लॉटरीच्या वेळी त्यांनी एक मुलगी लिहिली. लॉटरी लागली, मोठा फॉर्म आला, तेव्हाही एकच लिहिली. लग्न शरद ऋतूत व्हायचं होतं. मग तो नवरा मुलगा कामासाठी डोंगर ओलांडून ग्रीसला गेला आणि तिकडूनच त्यानं निरोप पाठवला, की मी इथे लग्न केलंय. अंगठी परत गेली. तोवर यांचे तिघांचे व्हिसा पासपोर्टवर चढले होते.

“मग तेव्हा दुरुस्त का नाही केलं?”

“काय सांगायचं? आधी सांगितलं एक. आता म्हणतो दोन. कुणी विश्वास ठेवेल? तिघांचंही रद्द झालं असतं.” त्यांनी झेरॉक्सवर बोट ठेवलं. “आणि मी खोटं लिहिलं नव्हतं, मिसेस. लिहिलं तेव्हा ती माझी नव्हती.”

मी त्यांना काहीतरी कडक बोलणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला आमचं रेशन कार्ड आठवलं. माझा साखरपुडा झाला आणि आठवड्याच्या आत वडिलांनी कार्डावरून माझं नाव कमी करून आणलं. सासरच्या कार्डावर चढवायला तो दाखला लागतो, मागाहून धावपळ नको, तहसीलचा कारकून ओळखीचा आहे, म्हणून. लग्नाला अजून दोन महिने होते. ते दोन महिने मी कुठल्याच कार्डावर नव्हते. माझ्या वाटची साखर आली नाही, तर आई म्हणाली, चालेल, आहे त्यात भागवू. मला तेव्हा काही म्हणता काही वाटलं नव्हतं. उलट, वडील किती तत्पर! माझे वडील साधे होते, शिकवणारे होते, मुलींना मुलांबरोबर वाढवणारे होते. आता त्या परक्या माणसाच्या फाइलसमोर बसून मला एकदम राग आला, आणि तो त्यांचा आला की वडिलांचा, तेच कळेना. दोघांनीही नियमानं केलं होतं. दोघंही माझ्या समजुतीप्रमाणे चुकले होते. आणि दोघांवरही मला धड चिडता येत नव्हतं.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “सरळ लिही ना, क्लेरिकल मिस्टेक. कोण जाऊन चेक करून राहिलं?”

“ते मिस्टेक म्हणायला तयार नाहीत. आणि मीपण खोटं लिहिणार नाही.”

“तू काय कोर्ट आहे का? पोरगी तिकडं बंदुकांत बसून आहे आणि तू इथं कागद जुळवून राहिली.”

तो बरोबर बोलत होता. मीही बरोबर होते. ताट मी आपटलंच.

शेवटी ठरलं, की अर्ज भरायचा आणि सोबत इंजिनियरसाहेबांचं खरं-खरं पत्र जोडायचं, त्यांच्या सहीचं. मुलीची माहिती मी फोनवर घ्यावी, कारण तिचं कॉलेजात इंग्रजी झालं होतं आणि स्पेलिंग, पासपोर्ट नंबर असल्या गोष्टी काकूच्या पंचवीस शब्दांत बसणाऱ्या नव्हत्या. इंजिनियरसाहेबांना रविवारी दुकान होतं. धाकटीही त्यांच्याबरोबर पिझ्झाची खोकी दुमडायला जायची. तेव्हा रविवारी सकाळी अकराला मी काकूच्या सोफ्यावर फॉर्म मांडीवर घेऊन बसले, शेजारी ती जुनी फाइल. काकूनं परदेशी फोन लावायच्या कार्डावरचे आकडे फिरवले. पाचव्या खेपेला लागला. मावशीच्या शेजाऱ्यांचा फोन होता, थोरलीला बोलावून आणलं. आधी मायलेकी बोलल्या. मग काकूनं हसत फोन माझ्या हातात दिला आणि कॉफी ठेवायला वळली.

थोरलीचा आवाज जरा घोगरा, कुणाची भीड नसलेला. मला आवडला. मी म्हटलं, घाबरू नकोस, सोपे प्रश्न आहेत.

“मी घाबरत नाही. खाली रस्त्यावर आमच्या शाळेच्या सरांकडे पण मशिनगन आहे. मग तुमच्या प्रश्नांना काय घाबरायचं?”

पूर्ण नाव. जन्मतारीख. जन्मगाव, एक-एक अक्षर. लग्न झालंय का?

“नाही.”

“कधीच नाही?”

“साखरपुडा झाला होता. संपला.” मग तिनंच विचारलं, “या खेपेला वयाची अट किती आहे?”

“कसली अट?”

“गेल्या वेळी अठरा होती ना. मी तेव्हा वीसची होते, म्हणून मला अमेरिकेनं घेतलं नाही. आता अट वाढवली का?”

आणि इथे माझ्या हातून ते झालं. दुसरी कुणी असती तर थांबली असती, समोरच्या बाईचं तोंड बघितलं असतं. पण नियम चुकीचा सांगितलेला मला सहन होत नाही. मी लगेच म्हटलं, “नाही, नाही. अठरा कधीच नव्हती. एकवीस आहे. वीसची असशील तर तू बसत होतीस की त्यात—”

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फार उशिरा पडला.

तिनं विचारलं, “तर मग बाबांनी काय लिहिलं?”

“लाइन नीट नाहीये,” मी म्हटलं.

“लाइन चांगली आहे. आई साखर ढवळतेय ते मला ऐकू येतंय. तुमच्याकडे तो कागद आहे?”

कागद माझ्या मांडीला लागून होता. मी खोटं बोलू शकत होते. नाहीये म्हणायचं, संपलं. आजही मी स्वतःला विचारते, की तेव्हा खरं बोलले ती सचोटी होती, की मला दुसरं काही येतच नव्हतं म्हणून बोलले. मला खरंच सांगता येत नाही.

“आहे,” मी म्हटलं.

“वाचा.”

“अपत्यांची संख्या, एक.”

काकू कॉफीचा कप घेऊन माझ्यासमोर उभी होती. तिला एक शब्द कळला नव्हता. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, गुड, गुड? फोनमधून आवाज आला, आईला द्या. मी दिला. कप मी घेतला. आधी काकू मोठ्यानं बोलायला लागली, मग खाली बसली. पुष्कळ वेळ ती नुसती ऐकत होती. मध्येच एकच शब्द तीन-चारदा म्हणाली. मला त्यांची भाषा येत नाही, पण तो माफीचा होता आणि आईला मुलीपुढे तो म्हणावा लागू नये, एवढं मला कळलं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. पण फॉर्म माझ्या मांडीवर होता.

काकूनं फोन परत माझ्याकडे दिला.

“लिहून घ्या,” थोरली म्हणाली. आवाज तसाच, फक्त सावकाश. “लग्न झालंय का, त्या प्रश्नाचं उत्तर. लिहा, झालंय.”

“पण तसं नाहीये.”

“बाबांच्या हिशेबात झालंय. तीन वर्षं झाली. आता त्यांचे दोन्ही कागद जुळतील.”

“अगं, तसं लिहिलं तर तुला येताच येणार नाही. कधीच.”

“मला माहीत आहे. तुम्ही आत्ताच सांगितलंत ना, तुम्हाला नियम सगळे माहीत आहेत.” आणि तिनं फोन ठेवला.

मी काकूला समजावायला लागले. हातांनी, पंचवीस शब्दांनी. ती म्हणते मॅरिड लिहा. मॅरिड, नो व्हिसा. नो अमेरिका. नो गुड, काकू, व्हेरी नो गुड. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून मी पुन्हा सुरू केलं. तिनं माझा हात धरून थांबवला.

“आय नो,” काकू म्हणाली. मग शब्द शोधत, एकेक ठेवत म्हणाली, “फर्स्ट पेपर, ही से. आय सिट. आय नो टॉक.” तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. “नाउ शी से. यू राइट.”

माझा इतका गोंधळ आयुष्यात कधी उडाला नव्हता. मुलीला आणण्यासाठी भरायला घेतलेला अर्ज, आणि आई म्हणते तिला न येऊ देणारं उत्तर लिही. ते उत्तर खोटं होतं. खोटं मी लिहीत नाही. पण त्या घरात त्या मुलीनं स्वतः सांगितलेली ती पहिली गोष्ट होती जी कुणी कागदावर उतरवणार होतं. मी रडत होते, आणि त्याची मला लाज वाटत होती, कारण काकू रडत नव्हती. मी लिहिलं. विवाहित.

तीन वाजता, दुपारची गर्दी ओसरल्यावर, इंजिनियरसाहेब धाकटीला घेऊन घरी आले. बाह्यांना पीठ लागलेलं होतं. “झालं सगळं?” त्यांनी विचारलं. मी फॉर्म पुढे केला. ते चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. त्या रकान्यापाशी आल्यावर थांबले. मला वाटलं आता ओरडतील, माझ्यावर नाहीतर बायकोवर. मी ऐकून घ्यायची तयारीही केली होती. त्यांनी बायकोला एक वाक्य विचारलं. तिनं एका वाक्यात उत्तर दिलं. मग फॉर्म त्यांनी टेबलावर ठेवला, सही न करता, आणि फोनकडे गेले.

कार्डावरचे आकडे त्यांनी दोनदा चुकवले. तिकडे रात्रीचे नऊ वाजले असतील. कुणीतरी उचललं, कुणाला तरी हाक मारायला गेलं, आणि ते रिसीव्हर धरून उभे राहिले. धाकटी त्यांना खेटून, दंडाला डोकं टेकवून, फोनजवळ कान नेऊन उभी होती. त्या कागदावरची एक ती होती. तिला ते कधी कळलं, आधीच माहीत होतं की आत्ता, हे मला तिच्या तोंडावरून ओळखता येईना. पुढे ऑगस्टमध्ये ते डेट्रॉइटकडे, त्यांच्या लोकांत राहायला गेले आणि आमचा संपर्क तुटला. तेव्हा त्या फॉर्मचं काय झालं हे मला विचारू नका. मी तो पुन्हा पाहिला नाही.

पलीकडे ती आली असावी, कारण इंजिनियरसाहेबांनी तिचं नाव घेतलं. मग ते बोलले. फार थोडं बोलले. खाणीत माणसांना हुकूम सोडणाऱ्या त्या माणसाचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

मी धाकटीला हळूच विचारलं, “काय म्हणाले?”

ती माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाली, “विचारतायत तिला. तुला मोजलं तर चालेल का.”

“मग ती काय म्हणतेय?”

धाकटीनं कान आणखी जवळ नेला. खूप वेळ तशीच राहिली.

“काहीच नाही,” ती म्हणाली. “पण फोन ठेवला नाहीये तिनं.”